करंज, मोगली एरंडाची (जट्रोफाची) पेंड घातली की रोपं बसतात: नेमकं कारण कसं शोधायचं

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी ही तक्रार ठरलेली. बायोडिझेलच्या युनिटवरून नाहीतर तेलाच्या घाण्यावरून करंजाची पेंड स्वस्तात मिळालेली असते. सेंद्रियच आहे म्हणून हात सैल सोडून टाकली जाते, आणि आठवड्याभरात मिरचीची रोपं माना टाकतात. कुणाच्या कुंडीवर कापसासारखी बुरशी चढते, कुणाच्या गादीवाफ्यात बीच वर येत नाही, कुणाची झाडं जिवंत असतात पण पिवळी पडून अडून बसतात. मग 'पेंडीत केमिकल होतं' असा निकाल लागतो. पुढच्या वर्षी दुकान बदलतं, तक्रार तीच राहते.

पेंडीत सहसा काही खोट नसते. कच्ची पेंड म्हणजे तयार खत नव्हे. ती आधी मातीतले जिवाणू खातात आणि त्यांचं जेवण उरकल्यावर झाडाला मिळते. त्या मधल्या दिवसांत मुळं पेंडीच्या शेजारी असतील तर त्रास होणारच. पण या त्रासाचे प्रकार वेगवेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर झाड लवकर जातं. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी निदान करा.

आधी पोत्यात काय आहे ते बघा

बियांपासून बायोडिझेल करताना बी एक्स्पेलरमध्ये दाबतात, तेल वेगळं होतं आणि पेंड तिथेच बाजूला पडते. मेथॅनॉल आणि कॉस्टिक हे पदार्थ नंतर, फक्त तेलात मिसळतात. त्यामुळे एक्स्पेलरच्या पेंडीत ते असण्याचं कारण नाही. मात्र काही ठिकाणी शेवटच्या टप्प्यातला तपकिरी, चिकट, साबणासारखा बुळबुळीत गाळही 'खतच आहे, घेऊन जा' म्हणून देतात. ते कच्चं ग्लिसरीन. त्यात साबण, उरलेलं मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा असू शकतो. सोडियमने आपली काळी जमीन आधीच चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) व्हायला टपलेली असते, तिच्यात हे ओतू नका. फुकट मिळालं तरी नको.

पेंडीचा पुरवठा एवढा कुठून येतो, याचं उत्तर सोपं आहे. करंजाच्या बियांच्या गरात तेल साधारण 27 ते 39 टक्के असतं आणि एक्स्पेलरने हाती येतं ते गराच्या वजनाच्या जेमतेम चौथा हिस्सा. उरलेलं सगळं पेंडच. 27 ऑगस्ट 2018 ला मोगली एरंडाच्या तेलापासून केलेलं इंधन मिसळून डेहराडूनहून दिल्लीला विमान गेलं, तेव्हा वर्तमानपत्रांत कौतुक झालं ते तेलाचं. पेंडीचं काय करायचं ही डोकेदुखी मात्र जमिनीवरच राहिली. जनावरांना ती चालत नाही, म्हणून शेवटी आपल्याकडे येते.

नत्राचा अंदाज असू द्या. करंजाच्या पेंडीत नत्र सुमारे 4 टक्के, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी एक टक्क्याच्या आसपास. एरंडीची थोडी वर, निंबोळीची 5 च्या घरात, मोहाची अडीच. मोगली एरंडाची 3 ते 4, पण टरफल किती मिसळलंय त्यावर ती बरीच खालीवर होते. म्हणजे करंजाची पाच क्विंटल पेंड आणि युरियाची 45 किलोची एक गोणी यांत नत्र जवळपास सारखंच, वीस किलोच्या आसपास. शेतात एकरी 200 ते 400 किलो पेंड घालतात, त्या हिशेबाने बारा इंची कुंडीला अर्धी मूठ पुष्कळ झाली. 'सेंद्रिय आहे, जास्त झालं तरी चालतं' हे वाक्य पेंडीला लागू नाही.

रोपं करपतात किंवा बी उगवतच नाही

सगळ्यात जास्त नुकसान याच प्रकारात होतं, म्हणून हा नीट समजून घ्या. लक्षणं पाणी दिल्यापासून तिसऱ्या दिवसापासून ते बारा-पंधरा दिवसांत दिसतात. पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळतात. माती ओली असून रोप दुपारी कोमेजतं. एक रोप हळूच उपटून बघा. पांढरी मुळी दिसायला हवी तिथे टोकं तपकिरी, बोथट, जळाल्यासारखी दिसतील. बी पेरलं असेल तर उकरल्यावर ते फुगून मऊ पडलेलं किंवा मोड येऊन तिथेच थांबलेलं सापडेल.

होतं असं. पेंडीतली प्रथिनं कुजली की अमोनिया सुटतो. मातीतले दुसरे जिवाणू त्याचं पुढे नायट्रेट करतात, पण त्यांचं काम सावकाश चालतं. पहिल्या पंधरवड्यात अमोनिया साठत जातो आणि पेंडीच्या कणाभोवतीच्या मातीचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्क पातळी) चढतो. सामू जितका जास्त, तितका अमोनियाचा वायू जास्त. कोवळ्या मुळीला तो वायू सहन होत नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू मुळातच साडेसात-आठच्या पुढे असतो, त्यामुळे कोकणातल्या तांबड्या आम्ल मातीत निभावून गेलेली मात्रा सोलापूरकडे रोपं जाळू शकते.

करंजाच्या बाबतीत आणखी एक भर पडते. त्यातला करंजीन हा घटक नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना काही काळ रोखून धरतो. 2015 पासून आपल्याकडे युरियाला निंबोळी तेलाचं आवरण सक्तीचं झालं त्यामागेही हाच विचार होता, नत्र हळूहळू सुटावं आणि वाया जाऊ नये. उभ्या उसात किंवा हळदीत हा गुण फायद्याचा. दोन पानांवरच्या रोपाला मात्र अमोनियाच्या टप्प्यात जास्त दिवस राहावं लागतं.

खात्री करायची तर झाकणाची काचेची बरणी घ्या. कुंडीतली किंवा सरीतली ओलसर माती तिच्यात अर्ध्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर घरात ठेवा. सकाळी झाकण उघडून लगेच वास घ्या. जुन्या मुतारीसारखा, नाकात झोंबणारा वास आला तर निदान झालं.

आता रोपं वाचवायची. कुंडीत वरचा पेंडीचा थर हलक्या हाताने खरवडून काढा. कुंडीच्या आकाराच्या दुप्पट पाणी एकदाच सावकाश सोडून खालून निथळू द्या. त्यानंतर वाफसा येईपर्यंत पाण्याला हात लावू नका. चार दिवस सावलीत ठेवा. शेतात पेंड रोपाच्या बुडाशी टाकली असेल तर खुरप्याने ती सरीच्या बगलेला ओढून घ्या आणि वरची माती मोकळी करा म्हणजे वायू निघून जाईल. या काळात युरिया, डीएपी, कोंबडीखत, काही नको.

आणि राख तर अजिबात नको. पेंडीवर बुरशी किंवा मुंग्या दिसल्या की चुलीची राख भुरभुरवायची सवय आहे. राख अल्कधर्मी असते. तिने सामू वर जातो आणि आत अडकलेला अमोनिया एकदम बाहेर येतो. 'राख टाकली आणि दुसऱ्या दिवशी सगळी रोपं झोपली' अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक हेच. चुनासुद्धा त्याच यादीत.

रोपं मरत नाहीत, पण पिवळी पडून थांबतात

हे उशिरा दिसतं, दोन-तीन आठवड्यांनी. खालची जुनी पानं सारखी फिकट होतात आणि वाढ थबकते. मुळं मात्र पांढरी, निरोगी. इथे जळण्याचा प्रश्नच नाही, इथे नत्राची उपासमार आहे. एवढं नत्र असलेली पेंड घालून उपासमार कशी, असं वाटेल. पोतं पुन्हा उघडून चिमूटभर पेंड तळहातावर पसरा. करंजाच्या शेंगेची टरफलं जाड, लाकडासारखी असतात. तशा चिपा दिसत असतील तर शेंगा न फोडता किंवा अर्धवट फोडून गाळप केलेलं आहे. मोगली एरंडाच्या काळ्या कवचाचंही तेच. हा लाकडी भाग कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं आणि ते मातीतलं नत्र उचलतात. पेंडीत राहिलेलं तेलही तसंच वागतं, त्यात नत्र नाही, नुसतं जळण.

उपाय म्हणजे थोडं तयार नत्र द्यायचं आणि वाट बघायची. रासायनिक चालत असेल तर लिटरला 5 ग्रॅम युरिया घेऊन संध्याकाळी फवारणी. नको असेल तर चांगलं मुरलेलं गांडूळखत आणि दहापट पाणी घातलेलं गोमूत्र. आणखी पेंड घालणं हा उपाय नाही, पण लोक नेमकं तेच करतात.

दोन गोष्टींची गल्लत टाळा. नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, असं असेल तर ती लोहाची कमतरता आहे, पेंडीला दोष देऊ नका. आणि कुंडीच्या तळाशी आंबूस, कुजका वास येत असेल तर निचरा बंद झालाय. अशा वेळी फवारणीचा उपयोग नाही, कुंडी उलटी करून भोकं मोकळी करा.

पांढरी बुरशी

चौथ्या-पाचव्या दिवशी पेंडीवर जी पांढरी, मऊ लव चढते तिला घाबरायचं कारण नाही. ती पेंड खाणारी बुरशी आहे, झाड खाणारी नव्हे. खुरप्याने मातीत कालवून टाका, आठवड्यात दिसेनाशी होते.

पण रोपाचं खोड मातीला टेकतं तिथे वाकून बघा. पंख्यासारखी पसरलेली पांढरी बुरशी खोडावर चढत असेल आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी गोल दाणे दिसत असतील, तर ती खोडकूज. भुईमूग, मिरची, टोमॅटो पिकवणाऱ्यांना ओळखीची आहे. ती जमिनीत आधीपासूनच असते. खोडाला लागून कच्चा सेंद्रिय माल आणि ओल मिळाली की उठते. असं रोप दाण्यांसकट, भोवतालच्या मातीसकट उचलून शेताबाहेर न्या. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकलंत तर पुढच्या वर्षी स्वतःच्या हाताने परत पसरवाल. बाकी रोपांच्या खोडाभोवती वीतभर जागा पेंडीपासून मोकळी ठेवा.

पाणी मुरत नाही, वर ढेकळं धरतात

दोष तेलाचा. एक्स्पेलर जुना असेल, नाहीतर बी नीट तापवलं नसेल, तर पेंडीत बरंच तेल राहतं. वर्तमानपत्राच्या कागदावर मूठभर पेंड ठेवा, वर दुसरा कागद आणि दगड, आणि तास-दोन तास उन्हात राहू द्या. मग पेंड झटकून कागद उजेडाकडे धरा. हलका डाग चालतो. पलीकडचा हात दिसेल इतका पारदर्शक डाग पडला तर ती पेंड वर टाकायच्या लायकीची नाही. तेलकट पेंडीची पाणी सुकल्यावर पापडी धरते आणि पुढचं पाणी कडेने वाहून जातं. मुंग्या, माश्याही अशाच पेंडीवर जास्त. तिला फोडून, चाळून, कंपोस्टमध्ये घालूनच वापरा. सॉल्व्हंट प्लांटमधून (जिथे द्रावकाने उरलंसुरलं तेलही काढतात) आलेली पेंड कोरडी, भुकटीसारखी असते. तिथे हा प्रश्न येत नाही, पण ती कुजते भराभर, म्हणजे करपण्याचा धोका वाढतो.

गांडुळं पळतात किंवा मरतात

गांडूळखताच्या बेडमध्ये कच्ची पेंड घालूच नका. उष्णता आणि अमोनिया दोन्ही गांडुळांना बाधतात. मोहाच्या पेंडीत तर सॅपोनिन हा विषारी घटक असतो. मत्स्यशेतीत तळ्यातले नको असलेले मासे मारायला हीच पेंड वापरतात. विदर्भात ती सहज मिळते आणि शेततळ्याच्या कडेलाच ढीग मारलेला असतो. तळ्यात मासे सोडले असतील तर पहिल्या जोरदार पावसाआधी तो ढीग हलवा.

पेंड मुरवायची कशी

वर सांगितलेल्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात, आणि वेळही आपल्या बाजूने आहे. करंजाच्या शेंगा फाल्गुन-चैत्रात झोडपल्या जातात, गाळप उन्हाळ्यात होतं. म्हणजे पेंड मृगाच्या आधी हातात येते. ती पेरणीच्या दिवसापर्यंत पोत्यात बांधून ठेवणं हीच दरवर्षीची गडबड. आणल्या आणल्या मुरायला घाला.

एक भाग पेंड आणि चार-पाच भाग जुनं शेणखत किंवा कंपोस्ट. शेणखत नसेल तर कुंडीतली जुनी माती आणि वाळलेला पाला. उसाचं पाचट बारीक करून घातलंत तर ते सुटणारा अमोनिया धरून ठेवतं. पेंडीची ढेकळं आधी फोडा. पाणी शिंपडत कालवा. मिश्रण मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी गळू नये. ढीग गुडघाभर उंच तरी हवा, नाहीतर तापत नाही. वर गोणपाट टाका. प्लॅस्टिकचा कागद टाकलात तर आत हवा जाणार नाही आणि सगळं आंबेल.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात कोपरापर्यंत हात घाला. हात ठेववत नसेल इतका गरम लागला तर काम सुरू झालंय. दर आठवड्याला ढीग उलटा, कोरडा पडला असेल तर पाणी शिंपडा. उन्हाळ्यात तीन-चार आठवडे पुरतात, थंडीत जास्त लागतात. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी) घालायचा असेल तर ढीग निवल्यावरच. पहिल्या दिवशी पेंडीत कालवून मग ढीग तापवणं म्हणजे पैसे देऊन आणलेली बुरशी भाजून काढणं.

झालं की नाही ते बरणीच्या वासाने कळतंच. पण रोपवाटिकेसाठी आणखी एक परीक्षा घ्यावी. थोडं तयार मिश्रण दहापट पाण्यात तासभर भिजवून गाळा. एका ताटलीत ओल्या कागदावर हे पाणी आणि दुसरीत साधं पाणी घेऊन दोन्हींत मोजून हळीव पसरा. बाळंतिणीच्या लाडवांत घालतो तोच हळीव. कंपोस्टची पक्वता तपासायला प्रयोगशाळांतही हेच बी वापरतात, कारण ते एक-दोन दिवसांत मोड काढतं आणि अमोनियाला चटकन बळी पडतं. दोन्ही ताटल्यांतले मोड जवळपास सारख्या लांबीचे आले तर खत गादीवाफ्यात घालायला हरकत नाही. पेंडीच्या ताटलीतले आखूड, तपकिरी टोकाचे निघाले तर ढीग आणखी आठवडाभर झाकून ठेवा.

मुरवायला वेळच नसेल तर निदान कच्ची पेंड लागणीच्या पंधरा-वीस दिवस आधी सरीत टाकून मातीआड करा आणि एक पाणी द्या. पाणी महत्त्वाचं. कोरड्या मातीत पेंड वीस दिवस पडून राहिली तर काहीच होत नाही, आणि लागणीच्या पाण्यासोबत सगळी प्रक्रिया रोपाच्या मुळाशी सुरू होते. 'पंधरा दिवस आधीच टाकली होती हो' असं सांगणाऱ्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा. मोठ्या झाडांना, आंबा-चिकू-नारळाला, आळ्याच्या बाहेरच्या कडेला चर काढून कच्ची पेंड दिली तरी चालते. त्यांची मुळं लांब असतात आणि एका कोपऱ्यातल्या अमोनियाने त्यांचं काही अडत नाही.

पेंडीचं पाणी करून घालणाऱ्यांसाठी थोडक्यात: किलोभर पेंड दहा लिटर पाण्यात एक ते दोन दिवस, दिवसातून दोनदा ढवळून, तोंडाला फडकं बांधून. गाळून दहापट पाणी घाला आणि ओल्या मातीतच आळवणी करा. झाकण घट्ट लावून आठवडाभर ठेवलंत तर ड्रम फुगतो, आणि उघडल्यावर शेजारी विचारायला येतात.

जनावरं, कुत्री आणि आपले हात

करंज, मोगली एरंड, एरंडी, मोह यांपैकी कुठलीच कच्ची पेंड गुरांना घालायची नाही. मोगली एरंडात फोर्बॉल एस्टर आणि कर्सिन असतं, एरंडीत रायसिन. सरकी ढेपेच्या रिकाम्या पोत्यात खताची पेंड भरून गोठ्यात ठेवायची पद्धत फार धोक्याची आहे. घरातलं कुणीतरी अंधारात आंबोण कालवतं आणि चूक सकाळी कळते. पोत्यावर ठळक अक्षरांत 'खत' लिहा आणि ते गोठ्याच्या भिंतीआड ठेवा.

मोगली एरंडाची पेंड हाताळताना हातमोजे घाला, कातडीची आग होते. फोर्बॉल एस्टर ओल्या, ऊबदार मातीत काही आठवड्यांत विघटन होऊन जातात, पण तुमच्या हातात असते ती ताजी पेंड. एरंडीच्या पेंडीची धूळ दम्याच्या माणसाला त्रास देते, फोडताना आणि चाळताना तोंडाला फडकं बांधा आणि वारा पाठीवर येईल असे उभे राहा. घरी कुत्रं असेल तर कुंडीत एरंडीची पेंड नकोच, विशेषतः हाडांच्या चुऱ्यात मिसळलेली. त्या वासाने ते कुंडी उकरून खातं. खाल्ल्याचा संशय आला तर उलटी-जुलाबाची वाट बघत बसू नका, पोत्यावरचं नाव वाचून घ्या आणि लगेच पशुवैद्याकडे न्या.